गुणपत्रिका नव्हे, अहवाल

दहावीच्या निकालाच्या आसपास अनेक घरांत आणखी एक कागद येतो: अभिक्षमता चाचणीचा अहवाल. रंगीत पानं, आलेख आणि शेवटी करिअरची यादी. मोठी माणसं थेट शेवटचं पान उघडतात. तिथं ‘इंजिनिअर’ असेल तर जीव भांड्यात पडतो. ‘इंटिरिअर डिझायनर’ असेल तर पैसे पाण्यात गेल्यासारखं वाटतं. खरं तर त्या अहवालातलं सगळ्यांत कमी कामाचं पान तेच. ती यादी बहुतेक वेळा ठरावीक गुणांची जुळणी करून संगणकानं काढलेली असते. वाचायची ती मधली पानं.

समजा, तिथं लिहिलंय: अवकाशीय क्षमता ८२, सांख्यिक ५८, भाषिक ४१. बाबा लगेच म्हणणार, ‘‘गणितात अठ्ठावन्नच? शाळेत तर नव्वद पडतात!’’ पण हे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहेत. ५८ पर्सेंटाइल म्हणजे ज्या मुलांवर ही चाचणी आधी प्रमाणित केली, त्यांच्यातल्या शंभरांपैकी साधारण ५८ जणांच्या पुढे. म्हणजे सरासरीच्या जरासं वरच. शिवाय मधल्या भागात मुलांची गर्दी असते. त्यामुळे ४१ आणि ५८ यांत १७ अंकांची दरी दिसत असली, तरी प्रत्यक्षात ती चार-दोन प्रश्नांची असू शकते. उलट ८२ ते ९५ हे अंतर १३च अंकांचं, पण ते कापायला कितीतरी जास्त उत्तरं बरोबर यावी लागतात. काही अहवालांत पर्सेंटाइलऐवजी १ ते १० अशी स्टेन श्रेणी असते. तिथंही ६ म्हणजे ‘दहापैकी सहा’ नव्हे. ५ आणि ६ या दोन घरांत मिळून सुमारे ३८ टक्के मुलं येतात, तर ८ किंवा त्याच्या वर जेमतेम १६ टक्के.

एक आकडा धरून बसू नका, चढ-उतार बघा. वरच्या उदाहरणात बोलतोय तो ८२. सांख्यिक आणि भाषिक क्षमतेबद्दल त्या कागदाला फारसं काही म्हणायचंच नाहीये. तीच चाचणी महिन्याभरानं पुन्हा दिली तर ५८चे ५२ होतील किंवा ६५ होतील. झोप, ताप, घाई, सगळ्याचा परिणाम होतो.

मराठी माध्यमाच्या पालकांनी तर भाषिक क्षमतेचा आकडा दोनदा तपासावा. चाचणी इंग्रजीतून दिली असेल, तर त्या आकड्यात मुलाची भाषेची समज किती आणि इंग्रजी वाचनाचा सराव किती, हे वेगळं काढता येत नाही. चाचणी मराठीतून मिळते का आणि तिच्यात तुलना कोणत्या मुलांशी केली आहे, हे पैसे भरण्याआधी विचारायला संकोच कसला?

क्षमता आणि आवड यांची गल्लत तर सर्रास होते. राज्य मंडळानं २०१६ साली दहावीसाठी जी कल चाचणी सुरू केली, ती आवडीची होती. कृषी, वाणिज्य, ललित कला यांच्या जोडीला त्यात ‘गणवेशधारी सेवा’ हेही क्षेत्र होतं. सीबीएसई आणि एनसीईआरटी यांची ‘तमन्ना’ चाचणी क्षमतांची. ती सात क्षमता तपासते आणि तिच्यात पास-नापास नाही. आवडीच्या चाचणीत मूल स्वतःबद्दल सांगतं आणि ते पाहिलेल्या गोष्टींबद्दलच सांगू शकतं. ज्या मुलीनं लेथ मशीन कधी पाहिलेलंच नाही, ती ‘तांत्रिक कामात रस नाही’ असंच लिहिणार. तो रसाचा अभाव नाही, ओळखीचा आहे.

अमेरिकेत बॉस्टन इथं फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र सुरू केलं. त्यांची मांडणी साधी होती: स्वतःची ओळख, कामाची ओळख आणि दोन्हींचा विचारपूर्वक मेळ. आपला अहवाल यातला पहिला भाग देतो, तोही अर्धामुर्धा. उरलेलं काम घरच्यांनी करायचं असतं आणि नेमकं तेच राहून जातं.

म्हणून त्या ८२चं काय करायचं? अवकाशीय क्षमता म्हणजे वस्तू मनात फिरवून बघता येणं. ती वास्तुविशारदाला लागते, तशीच शल्यविशारदाला, आयटीआयमधल्या ड्राफ्ट्समनला, फॅशन डिझायनरला आणि चांगल्या सुतारालाही. तेव्हा एका आकड्यातून एक पेशा निघत नाही, दहा-बारा वाटा निघतात. त्यांतल्या दोन-तीन निवडा आणि सुट्टीत त्या जवळून पाहू द्या. ओळखीच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आठवडाभर बसू दे, तंत्रनिकेतनाची कार्यशाळा बघू दे. तिथं काम करणाऱ्याला ‘पगार किती’ याआधी ‘दिवसभर नेमकं काय करता’ हे विचारू दे. संध्याकाळी घरी आल्यावर पोरगं आपणहून काय सांगतं, ते कान देऊन ऐका. सांख्यिक ५८ पाहून विज्ञान शाखा बादही करू नका. सराव केला तर तो आकडा हलतो. अट एकच, सराव मुलालाच करावासा वाटला पाहिजे.

जाता जाता, बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या ‘चाचण्या’ही बाजारात आहेत. त्यांना शास्त्रीय आधार नाही. त्या पैशांत चांगली पुस्तकं येतील.

अकरावीचा अर्ज भरण्याआधी समुपदेशकाची वेळ घ्या आणि खोलीत निदान पंधरा मिनिटं मुलाला एकट्याला बसू द्या. आईबाबा शेजारी असले की मूल त्यांना आवडेल ते बोलतं. आणि त्या बैठकीत शेवटच्या पानावरची यादी शेवटीच उघडा.