मायटोकॉन्ड्रिया म्हणजे काय? बटाटा, सायटोक्रोम सी आणि कमला सोहोनी

मी चौसाळ्याचा. आमच्याकडच्या बारावी सायन्सच्या मुली विचारतात, "दादा, संशोधनात आपल्यासारख्यांना जागा आहे का?" उत्तर पेशीतच सापडतं, बघा.

मायटोकॉन्ड्रिया काय करतो?
मायटोकॉन्ड्रिया, म्हणजेच तंतुकणिका, अन्नातली ऊर्जा वापरून एटीपी बनवते. त्यासाठी इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात. यातलं 'सायटोक्रोम सी' म्हणजे चौसाळा-बीड काळी-पिवळी समजा, फक्त एका फेरीत एकच प्रवासी! तिसऱ्या संकुलातून इलेक्ट्रॉन घ्यायचा, चौथ्यात सोडायचा. तिथं ऑक्सिजनपासून पाणी बनतं. ही फेरी थांबली तर एटीपी बनणंही थांबतं.

कमला सोहोनी कोण?
१९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या आणि अटींवर का होईना, आत गेल्या. तिथं एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींची वाट मोकळी झाली. केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींतही सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं. १९३९ साली पीएचडी मिळाली. पुढे त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या.

मग आपण काय करायचं?
हुशारी होतीच, दार उघडायला जिद्द लागली आणि आत टिकायला मार्गदर्शक. नववी ते बारावीच्या मुलींसाठी केंद्राची 'विज्ञान ज्योती' योजना आहे. शाळेत चौकशी करा. आणि गुरुजी, मुलीनं प्रश्न विचारला तर तिला थांबवू नका.