कुंडीतले झाड का दगावते?

रोपवाटिकेतून हौसेने आणलेले झाड पहिले पंधरा दिवस टवटवीत दिसते. महिन्याभरात त्याची खालची पाने पिवळी पडू लागतात, शेंडा मान टाकतो आणि पुढच्या काही आठवड्यांत रिकामी कुंडी जिन्याखाली जाऊन बसते. शहरांतल्या असंख्य घरांना हा क्रम ओळखीचा आहे. मग ‘आमच्या हाताला झाड लागतच नाही’ अशी समजूत करून घेतली जाते किंवा रोपच खराब होते, असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक बहुतेक वेळा दोष हाताचाही नसतो आणि रोपाचाही नसतो. घरातली झाडे दुर्लक्षामुळे मरतात त्याहून अधिक ती काळजीपोटी मरतात. ही काळजी म्हणजे रोज सकाळी न चुकता कुंडीत ओतलेले तांब्याभर पाणी.

मुळांनाही श्वास लागतो

झाडाची पाने कार्बन डायऑक्साइड घेऊन प्राणवायू सोडतात, हे शाळेत शिकवले जाते. मात्र जमिनीखालची मुळे प्राणवायू घेऊनच जगतात, याचा सहसा विसर पडतो. चांगल्या मातीच्या कणांमध्ये लहानमोठ्या पोकळ्या असतात. पाणी दिले की त्या भरतात. जादा पाणी निथळून गेल्यावर मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते आणि लहान पोकळ्यांत ओलावा टिकून राहतो. मुळांना ही हवा आणि हा ओलावा एकाच वेळी हवा असतो. रोज पाणी ओतत राहिल्यास मोठ्या पोकळ्या रिकाम्या होण्यास अवधीच मिळत नाही. प्राणवायू हवेतून ज्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. साहजिकच मुळे गुदमरतात, मऊ पडतात आणि ओल्या मातीत वाढणारे बुरशीसारखे सूक्ष्मजीव त्यांचा ताबा घेतात.

खरा घोळ यानंतर होतो. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. त्यामुळे माती ओलीचिंब असूनही पाने तहानल्यासारखी कोमेजतात. कोमेजलेले झाड पाहून घरचे लोक आणखी पाणी घालतात आणि उरलीसुरली मुळेही जातात. म्हणून पाने कोमेजली म्हणजे पाणी कमी पडले, असे गृहीत धरू नये. आधी माती पाहावी. माती कोरडी आणि कुंडी हलकी लागत असेल तर झाड खरोखरच तहानलेले आहे. माती ओली असून तिला कुबट वास येत असेल, तर पाणी तातडीने थांबवावे. झाड कुंडीतून काढून काळी, लिबलिबीत मुळे कापून टाकावीत आणि ते कोरड्या, भुसभुशीत मातीत पुन्हा लावावे.

ठरलेल्या वारी पाणी नको

‘या झाडाला आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचे?’ हा रोपवाटिकेत हमखास विचारला जाणारा प्रश्न. त्याचे एकच एक उत्तर देता येत नाही. तेच झाड एप्रिलच्या उन्हाळ्यात दोन दिवसांत कुंडी कोरडी करते आणि जुलैच्या संततधारेत दहा दिवसांतही करत नाही. पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत माती लवकर सुकते, तर मुंबईच्या दमट हवेत ती रेंगाळत सुकते. वार ठरवून पाणी देण्यापेक्षा माती पाहून देणे, हाच खात्रीचा मार्ग होय. बोट दोन पेरे खोल मातीत घालावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कुंडी किंचित उचलून तिचे वजन पाहण्याची सवय झाली की बोट घालण्याचीही गरज उरत नाही.

पाणी द्यायचे तेव्हा मात्र पोटभर द्यावे. कुंडीच्या तळाच्या छिद्रातून पाणी बाहेर येईपर्यंत झारीने सावकाश घालावे आणि नंतर माती पुरेशी सुकेपर्यंत थांबावे. रोज कपभर पाणी शिंपडल्याने वरचा थर सतत ओला राहतो आणि खोलवरची मुळे कोरडीच राहतात.

डोळ्यांना फसवणारा उजेड

पाण्याची गरज ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उजेड. झाड अन्न तयार करते ते प्रकाशावर, आणि जितके अन्न तयार होते त्या मानाने ते पाणी ओढते. अंधाऱ्या कोपऱ्यातले झाड पाणी जवळजवळ ओढतच नाही. तिथे उन्हातल्या झाडाइतकेच पाणी दिले की कुंडीत दलदल होते. अनेक झाडे पाण्याने मेली असे वाटते, पण त्यांच्या मृत्यूचे मूळ उजेडाच्या अभावात असते.

या बाबतीत माणसाचा डोळा साक्षीदार म्हणून कुचकामी ठरतो. बाहेर भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. खिडकीलगत ऊन नसताना तो एक-दोन हजारांवर येतो आणि खोलीच्या आतल्या भिंतीपाशी शे-दोनशे लक्सच उरतो. बाहुली लहानमोठी होत असल्याने डोळ्याला मात्र ती खोली लख्ख उजेडाची वाटते. पानांना अशी सोय नाही. प्रकाश एका मर्यादेखाली गेला की तयार होणाऱ्या अन्नापेक्षा श्वसनात खर्च होणारे अन्न अधिक होते आणि झाड स्वतःच्या गंगाजळीवर जगू लागते. रोपवाटिकेत साठवलेली ही शिदोरी काही आठवडे पुरते. पहिले पंधरा दिवस झाड टवटवीत दिसते ते बव्हंशी याच शिदोरीवर.

उजेड जोखण्याची एक सोपी युक्ती आहे. झाड ठेवायच्या जागी दुपारी पांढरा कागद धरावा आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर हात धरावा. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर आहे, पुसट पडली तर मध्यम आहे. सावली पडलीच नाही तर ती जागा झाडाची नव्हे. भ्रमणध्वनीवर प्रकाश मोजणारी ॲप्सही मिळतात. दोन जागांची तुलना करण्यास ती पुरेशी आहेत.

दक्षिणेची खिडकी, उत्तरेची खिडकी

घरातल्या बागकामावरील बरीचशी पुस्तके थंड प्रदेशांत लिहिली गेली आहेत. तिथले सल्ले महाराष्ट्रात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस इथे माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच येतो. त्यामुळे हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत शिरते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेकडे असतो. या काळात दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही. उलट एरवी उन्हाला पारख्या असलेल्या उत्तरेच्या खिडकीला सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन मिळते.

याचा अर्थ असा, की एका जागी सुखाने राहिलेले झाड सहा महिन्यांनी तिथेच आजारी पडू शकते. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीनंतर, कुंड्यांच्या जागांचा फेरविचार करावा. पूर्वेच्या खिडकीतले कोवळे ऊन बहुतेक झाडांना मानवते. पश्चिमेचे एप्रिल-मेमधले ऊन पाने करपवते. तिथे पातळ पडदा लावावा किंवा कुंडी हातभर आत घ्यावी.

झाडाचे माहेर ओळखावे

कोणते झाड कुठे ठेवावे, याचे उत्तर ते मूळचे कुठले आहे, यात दडलेले असते. घरोघरी दिसणारा मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाच्या मोरिया बेटावरचा. मोठ्या वृक्षांच्या आधाराने सावलीत चढणे, हा त्याचा स्वभाव. म्हणून तो खिडकीपासून थोडा आतही तग धरतो. हाच वेल बाहेर वृक्षावर चढला की त्याची पाने सुपाएवढी होतात. रबर प्लांटचे माहेर ईशान्य भारत. मेघालयातले प्रसिद्ध जिवंत पूल या झाडाच्याच मुळांपासून घडवलेले आहेत. इतक्या बलाढ्य वृक्षाला दिवाणखान्यात ठेवायचे तर खिडकीलगतची भरपूर उजेडाची जागा द्यायला हवी. अरेका पाम मादागास्करचा. त्याला दमट हवा आवडते आणि वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतात त्याच्या पानांची टोके वाळतात.

स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला, तर झीझी प्लांट पूर्व आफ्रिकेतला. स्नेक प्लांट जाड पानांत, तर झीझी जमिनीखालच्या कंदांत पाण्याचा साठा करतो. कोरड्या ऋतूंवर मात करण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. तीन आठवडे पाणी न मिळाल्यास ही झाडे मरत नाहीत. दर दोन दिवसांनी पाणी मिळाल्यास मात्र मरू शकतात. नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असणाऱ्यांनी सुरुवात या दोन झाडांनी करावी.

तुळशीचे दुखणे मात्र वेगळे आहे. तुळस हे अंगणातले झाड. तिला रोज काही तास थेट ऊन लागते. अंगणातल्या वृंदावनात मातीचा साठा मोठा आणि ऊन भरपूर, त्यामुळे स्नानानंतर रोज घातलेले पाणी सहज जिरून जाई. सदनिकेत तीच तुळस लहानशा कुंडीत, सावलीच्या कोपऱ्यात ठेवली जाते आणि प्रथेप्रमाणे पाणी मात्र रोजच घातले जाते. तुळस वरचेवर जळते, ती यामुळे. नियम पाळायचाच असेल तर रोजचे पाणी पळीभरच असावे. कुंडी उन्हाच्या ग्रिलमध्ये ठेवावी आणि मंजिऱ्या वेळीच खुडाव्यात. मंजिऱ्या पिकू दिल्या की झाडाची शक्ती बियांत जाते आणि वाढ खुंटते. गुलाब, मोगरा आणि जास्वंदही उन्हाचीच झाडे. ती घराच्या आत जगवण्याचा हट्ट धरू नये.

माती, कुंडी आणि एक जुना समज

रोपवाटिकेतली रोपे बरेचदा चिकट लाल मातीत येतात. वाहतुकीत गोळा फुटू नये म्हणून ही माती सोयीची असते. घरातल्या कुंडीत मात्र ती घट्ट बसते आणि पाणी धरून ठेवते. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट घेऊन त्यात थोडी जाड वाळू मिसळली, तर बहुतेक झाडांना चालणारे भुसभुशीत मिश्रण होते. स्नेक प्लांटसाठी वाळूचे प्रमाण वाढवावे.

कुंडीच्या तळाला छिद्र हवेच. शोभेच्या चिनी मातीच्या भांड्याला छिद्र नसेल तर झाड साध्या कुंडीत लावून ती कुंडी त्या भांड्यात ठेवावी. तळाशी खडी-विटांचा जाड थर दिला की निचरा सुधारतो, हा समज मात्र तितकासा खरा नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच साचून राहते आणि मुळांना मिळणारी मोकळी माती तेवढी कमी होते. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी पुरते. छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी देण्याचा मोहही टाळावा. मुळे पोहोचत नाहीत, त्या मातीतले पाणी कुणीच पीत नाही.

खताचेही तेच. उजेड कमी असताना खत वाढवून झाड वाढत नाही. मातीवर पांढरट थर दिसू लागला तर ते साचलेल्या क्षारांचे लक्षण समजावे. चहाचा चोथा घालायचा असेल तर साखर आणि दूध निघून जाईपर्यंत धुऊन, वाळवून थोडाच घालावा. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले तर ती पिठ्या ढेकणाची लागण असते. ओल्या फडक्याने पुंजके पुसून काढावेत आणि कडुनिंबाच्या तेलात साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे.

बशीतले पाणी

कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी झाडाला घातक असतेच, पण घराला अधिक घातक असते. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात वाढतो. अनुकूल हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. मादी पाण्याच्या कडेला अंडी चिकटवते आणि कोरड्यातही ती कित्येक महिने टिकतात. म्हणून बशी नुसती ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा ती घासून धुवावी. बाटलीतल्या मनी प्लांटचे पाणीही आठवड्याला बदलावे आणि बाटली आतून घासावी. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते. लहान मुले किंवा मांजर-कुत्रे असलेल्या घरात ही झाडे उंचावर ठेवावीत.

हवा शुद्ध होते का?

घरातली झाडे हवा शुद्ध करतात, हा दावा बहुतांशी ‘नासा’च्या १९८९ सालच्या एका अभ्यासावर आधारलेला आहे. तो अभ्यास बंदिस्त पेटीत केलेला होता. अशा अनेक प्रयोगांचा २०१९ मध्ये एकत्रित फेरआढावा घेतला गेला. इमारतीत नैसर्गिकरीत्या हवा खेळती राहून होते तेवढी शुद्धी साधण्यासाठी दर चौरस मीटरला किमान दहा आणि कमाल हजार झाडे लागतील, असा निष्कर्ष त्यातून निघाला. खिडकी उघडणे हा त्याहून सोपा उपाय होय. स्नेक प्लांट रात्री प्राणवायू देतो, ही समजूतही अर्धवट आहे. ते झाड रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेते हे खरे. पण प्राणवायू तयार होण्यास प्रकाश लागतोच. तेव्हा झाडे लावावीत ती त्यांच्या हिरव्या सोबतीसाठी.

गणपतीला किंवा मे महिन्यात आठ-दहा दिवस गावी जायचे असेल, तर निघण्याच्या दिवशी कुंड्यांना पोटभर पाणी द्यावे, त्या उन्हापासून आत घ्याव्यात आणि एकमेकींना लागून ठेवाव्यात. एवढ्यावर बहुतेक झाडे निभावून जातात. परतल्यावर ती सुकलेली दिसली, तरी बादलीभर पाणी ओतण्याआधी बोट मातीत घालून पाहावे. झाड जगवण्याचे निम्मे कसब पाणी देण्यात असेल, तर निम्मे न देण्यात आहे.