आयनांच्या माऱ्याखाली धातूचे नॅनोकण

कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. पुढे त्याचा भौतिकशास्त्र अधिविभाग पातळ थरांच्या संशोधनासाठी ओळखला जाऊ लागला. कोल्हापुरातला भर महागड्या निर्वात यंत्रांपेक्षा द्रावणांवर राहिला: काचपट्टी द्रावणात आळीपाळीने बुडवायची किंवा तापलेल्या काचेवर फवारा मारायचा, आणि थर चढू द्यायचा. बुडवण्याची ‘सिलार’ पद्धत निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये फ्रान्समध्ये मांडली. तिच्यावर पठाण आणि सी. डी. लोखंडे यांनी २००४ मध्ये लिहिलेला आढावा आजही संदर्भाला घेतला जातो.

थर बीकरमध्ये तयार होतो, पण त्यावर किंवा धातूच्या नॅनोकणांवर आयनांचा मारा करायचा तर त्वरक लागतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८८ च्या अखेरीस पेलेट्रॉन हा त्वरक सुरू झाला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी दिल्लीच्या न्यूक्लिअर सायन्स सेंटरमध्येही. दिल्लीचे केंद्र विद्यापीठांसाठीच असल्याने दूरच्या गावच्या संशोधकालाही प्रस्ताव पाठवून यंत्राची वेळ मागता येऊ लागली. ही सोय नसती तर हा विषय बहुतेक विद्यापीठांत पुस्तकापुरताच उरला असता.

सुरुवातीला आयनांचा मारा म्हणजे झीज, एवढाच समज प्रबळ होता. कमी ऊर्जेचा आयन अणूंना धडकून त्यांना पृष्ठभागावरून उडवतो. सिग्मुंड यांनी १९६९ मध्ये या झिजेचा हिशेब सपाट पृष्ठभागासाठी मांडला. नॅनोकणाला मात्र कडा चहूबाजूंनी असतात, त्यामुळे अणू बाजूंनीही निसटतात आणि कण सपाट थरापेक्षा वेगाने झिजतो. काही कण खालच्या आधारात रुततात.

सुमारे १०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा चांदीचा किंवा सोन्याचा आयन वेगळे वागतो. तो ऊर्जा मुख्यतः इलेक्ट्रॉनांना देतो. काही नॅनोमीटर रुंदीची वाट क्षणभर प्रचंड तापते आणि लगेच निवते. १९८३ मध्ये क्लाउम्युन्झर यांना धातूच्या काचेत दिसले, की पदार्थ आयनांच्या दिशेने आखडतो आणि आडवा फुगतो. २००३ च्या सुमारास याच्या उलट चित्र समोर आले: सिलिकात गाडलेले गोल धातुकण आयनांच्या दिशेनेच लांबले. मोकळ्या पृष्ठभागावरच्या कणांत असे लांबणे दिसत नाही, त्यामुळे खरा कर्ता भोवतालचा सिलिका ठरतो. फार लहान कण लांबण्याऐवजी विरघळतात, फार मोठे सहसा बदलत नाहीत.

हा बदल वर्णपटात लगेच उमटतो. सोन्याच्या गोल कणांचे शोषण ५२० ते ५३० नॅनोमीटरच्या आसपास असते. कण लांबला की या शोषणाचे दोन भाग होतात आणि लांब अक्षाचा भाग तांबड्याकडे सरकतो.