भाजलेली कातडी आणि आतली हाडं

श्रोतेहो, आणि गुरुजी मंडळी, घरातलं पोर चुलीशी भाजलं, अंगावर उकळतं पाणी सांडलं, की आपली सगळी नजर त्याच्या कातडीकडे असते. जखम भरली की आपण म्हणतो, सुटलो एकदाचे! थोडंफार भाजलं असेल तर ते खरंही आहे. पण अंगाचा मोठा भाग, शंभरात चाळीस हिश्शांहून अधिक, भाजला असेल तर हाडांचं दुखणं मागे राहतं. ते दिसत नाही.

असं का व्हावं? एवढा धक्का बसला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी एक रस भरमसाट सोडतात, आणि हाड बांधणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. त्यात महिनोन् महिने अंथरूण. न वापरलेलं हाड झिजतंच. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या गॅल्व्हेस्टन इथल्या डॉक्टरांनी १९९५ साली दाखवलं, की भाजून काही वर्षं उलटलेल्या मुलांचीही हाडं विरळच होती.

तिसरं कारण मला सर्वांत नवलाचं वाटतं. ऊन लागलं की कातडी ड जीवनसत्त्व तयार करते, आणि त्याच्या जोरावर अन्नातलं कॅल्शियम अंगी लागतं. २००४ साली असं आढळलं, की भाजल्याच्या व्रणाची कातडी हे काम फारच कमी करते. शेजारची चांगली दिणारी कातडीसुद्धा! तेव्हा ‘पोराला उन्हात बसवा’ हा आपला घरगुती उपाय इथे पुरा पडत नाही. शिवाय कोवळी कातडी उन्हानं करपते, ती झाकलेलीच बरी. ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तेवढंच द्यावं. जास्त झालं तर मूत्रपिंडांना बाधतं.

डाळ, अंडी यांनी पू होतो, असं कुठे कुठे मानतात. हे पथ्य सोडा. उपाशी शरीर हाड कशानं बांधणार? दूध, डाळ, अंडी द्या. नाचणीची भाकरी द्या. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

गुरुजी, आता तुमच्याकडे येतो. असा मुलगा शाळेत परतला की खेळाच्या तासाला आपण त्याला मायेनं झाडाखाली बसवतो. पण त्याच्या हाडांना चालणं, जिने चढणं हवं आहे. काय झेपेल ते डॉक्टरांना विचारून ठरवा. तोवर कबड्डीची ओढाताण तेवढी नको. आणि पडून हात दुखतो म्हणाला, तर लचक समजून चोळत बसू नका. दवाखान्यात न्या, आणि मुलगा पूर्वी भाजला होता हे तिथे आधी सांगा.