कळपाभोवतीची गाणी

काउबॉय कविता म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागात घोड्यावर बसून गुरे राखणाऱ्या माणसांची यमकबद्ध कविता. ती पाठ करून चारचौघांत म्हणायची असते. तिच्या जोडीने वाढलेल्या गाण्यांना वेस्टर्न संगीत म्हणतात. दोन्ही एकाच कामातून जन्मली.

१८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपले तेव्हा टेक्सासच्या माळांवर लाखो गुरे मोकाट फिरत होती. मांसाला गिऱ्हाईक होते पूर्वेकडच्या शहरांत, आणि तिकडे जाणारी रेल्वे फार दूर होती. १८६७ मध्ये कॅन्ससमधल्या ॲबिलीन या गावी रेल्वेलगत गुरांचा बाजार उभा राहिला आणि टेक्सासहून तिथवर कळप हाकत नेण्याचा धंदा जोरात सुरू झाला. एका कळपात दोन-अडीच हजार जनावरे, हाकायला दहा-बारा माणसे आणि दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटरची मजल. वाट दोन-तीन महिन्यांची असे. माणसे बहुतेक विशी-पंचविशीतली. इतिहासकारांच्या अंदाजाने त्यांतला दर चौथा माणूस कृष्णवर्णीय होता, आणि मेक्सिकन गुराखीही पुष्कळ होते. जनावर पकडायचा दोराचा फास, खोगिराची घडण, ‘रोडिओ’ हा शब्द, हे सारे काउबॉयने मेक्सिकोच्या ‘वाकेरो’ म्हणजे गुराख्याकडून उचलले. पडद्यावरचा गोराच गोरा काउबॉय म्हणूनच खोटा वाटतो.

गाण्याचे खरे काम रात्री होते. कळप बसला की दोन स्वार त्याच्याभोवती एकमेकांच्या उलट दिशेने फेऱ्या घालत. वीज कडाडली किंवा नुसती काटकी मोडली तरी हजारो जनावरे एकदम उधळत. अंधारात अशा कळपापुढे घोडा अडखळला तर स्वाराची धडगत नसे. म्हणून स्वार फेरी घालताना गात राहत. माणसाचा आवाज सतत कानावर असला की जनावर दचकत नाही, आणि पलीकडच्या साथीदारालाही आपला ठावठिकाणा कळतो. चाल संथ, घोड्याच्या पावलाला धरून. शब्द कोणतेही चालत: चर्चमधली स्तोत्रे, आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेली कथागीते, जुन्या चालीवर रचलेल्या नव्या ओळी. वाद्य नसेच. काउबॉयच्या चित्रात गिटार ठसठशीत केली ती पुढे चित्रपटांनी.

जोसेफ ग्लिडन याने १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट घेतले. माळांना कुंपणे पडत गेली, रेल्वे दक्षिणेकडे सरकली आणि १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात उत्तरेकडच्या गुरांचे कळपच्या कळप मेले. लांबच्या वाटचालीचा काळ असा विसेक वर्षांतच आटोपला. रँचवरचे, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणांवरचे, काम मात्र चालू राहिले, आणि गाणीही.

ती आधी छापली एका काउबॉयनेच. जॅक थॉर्प हा न्यू मेक्सिकोत मुक्कामामुक्कामावर गाणी ऐकून वहीत उतरवत असे. १९०८ मध्ये त्याने एस्टान्सिया गावच्या छापखान्यातून छोटेसे पुस्तक काढले. दोनच वर्षांनी जॉन लोमॅक्सचा मोठा संग्रह आला. त्यातले ‘होम ऑन द रेंज’ हे गाणे लोमॅक्सला सॅन अँटोनियोत दारूचा गुत्ता चालवणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसाकडून मिळाले होते. पुढे १९३०च्या दशकात या गाण्याच्या मालकीवरून दावा उभा राहिला, तेव्हा वकिलाने माग काढत थेट कॅन्सस गाठले. शब्द ब्रूस्टर हिगली नावाच्या डॉक्टरने १८७०च्या दशकात लिहिले होते. सगळ्या देशाच्या तोंडी असलेल्या गाण्याचा कर्ता साठ वर्षे कोणाला ठाऊक नव्हता. १९४७ मध्ये ते कॅन्ससचे राज्यगीत झाले.

नावानिशी लिहिणारे कवीही होते. बॅजर क्लार्क साउथ डकोटाचा पहिला राजकवी झाला. कर्ली फ्लेचरची ‘स्ट्रॉबेरी रोन’ ही कविता एका अनावर घोड्याची. तिला चाल लागली आणि लोक ती लोकगीत म्हणून गाऊ लागले. पण या परंपरेतला सर्वांत मोठा कवी म्हणून ब्रूस किस्कॅडनचेच नाव घ्यावे लागेल. ॲरिझोनाच्या रँचवर राबलेला हा माणूस उतारवयात लॉस एंजेलिसच्या हॉटेलांत पाहुण्यांच्या बॅगा उचलत होता, आणि त्याच वर्षांत गुरांच्या बाजाराच्या कॅलेंडरसाठी कविता लिहीत होता. ही कॅलेंडरे रँचवरच्या स्वयंपाकघरांत भिंतीवर लागत. तिथून कविता पाठ होत. पुस्तकांच्या दुकानापेक्षा हा मार्ग फार खोलवर पोचला.

१९३०च्या दशकात गाणारा काउबॉय चित्रपटांत आला. जीन ऑट्री आणि रॉय रॉजर्स घरोघरी पोचले. त्यांचे भरतकाम केलेले शर्ट पाहून खरा गुराखी हसला असेल, तरी ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ या गायकसंचाची तीन गळ्यांची सुरेल जुळणी आणि बॉब नोलनची वाळवंटावरची गाणी आजही उतरलेली नाहीत.

कविता मात्र रँचच्या ओसरीपुरतीच उरली होती. हॅल कॅनन आणि इतर लोकसाहित्य-अभ्यासकांनी पश्चिमेकडची राज्ये धुंडाळून कवी शोधले आणि जानेवारी १९८५ मध्ये नेव्हाडातल्या एल्को या गावी पहिला मेळावा भरवला. महिना ठरला तो कामाच्या हिशेबाने: जानेवारीत रँचवर त्यातल्या त्यात सवड असते. कवी मंचावर येतो तो टोपी आणि गळ्यात रेशमी रुमाल घालून, हाती बहुधा कागद नसतो. श्रोत्यांत त्याच्याच धंद्यातली माणसे बसलेली असतात, त्यामुळे खोगिराच्या पट्ट्याबद्दलची चूकही खपत नाही. वॅडी मिचेल आणि पशुवैद्य बॅक्स्टर ब्लॅक यांची नावे या मेळाव्यांनी देशभर नेली. गायकांत डॉन एडवर्ड्सने गिटारवर जुनी गाणी जिवंत ठेवली.

मोंटानाच्या वॉलेस मॅक्रेची सर्वांत गाजलेली कविता पुनर्जन्मावर आहे. एक गुराखी दुसऱ्याला पुनर्जन्म समजावतो: माणूस मेला, पुरला, त्या जागी रोप उगवले, ते घोड्याने खाल्ले आणि शेवटी शेण पडले. त्या शेणाकडे पाहून समजावणाऱ्याला वाटते की गडी फारसा बदललेला नाही. हीच कविता ऐकवण्याचा आग्रह मॅक्रेला जन्मभर झाला. पण माळाखालचा कोळसा खणून काढणाऱ्या खाणींविरुद्ध त्याने लिहिलेल्या कविता अधिक मोलाच्या आहेत.

टेक्सासचा बक रॅम्झी तरुणपणी घोड्याने पाडल्यामुळे कायमचा चाकाच्या खुर्चीला जखडला. त्या खुर्चीतून त्याने काउबॉयच्या आयुष्यावर दीर्घकाव्य लिहिले, तेही रशियन कवी पुश्किनच्या ‘ओनेगिन’ या काव्यातल्या कडव्याच्या बांधणीत. १९९५ मध्ये त्याला नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा लोककलावंतांचा देशातला सर्वोच्च मान मिळाला. तीन वर्षांनी तो गेला. त्याच्या आवाजातली ध्वनिमुद्रणे आजही उपलब्ध आहेत. ही कविता छापील पानावर अर्धीच भेटते, म्हणून सुरुवात त्या आवाजापासून करावी.