वेदनेचं मोजमाप – लेखांक ७ : त्या कुशीवर झोप लागते का?

मागच्या लेखांकात शून्य ते दहा या वेदनापट्टीची ओळख करून घेतली. आज ती पट्टी कुठे अपुरी पडते ते पाहू. त्यासाठी दुखणं निवडलं आहे ते खुब्याच्या बाहेरच्या बाजूचं.

हे दुखणं ओळखायला सोपं. रुग्ण जांघेकडे बोट दाखवत नाही. कुशीवर वळल्यावर हाडाचा जो उंचवटा गादीत रुततो, नेमका तिथे तळवा ठेवतो. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये ते जास्त. एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ असतो, म्हणून घरचे म्हणतात, ‘काही नाही, वय झालं.’ पूर्वी याला सरसकट ‘बर्सायटिस’ म्हणत. आता कळलं आहे की बहुतेकांत मूळ दुखणं असतं कुल्ल्याच्या स्नायूंच्या कंडरांचं, म्हणजे टेंडनचं. एका पायावर उभं राहताना शरीराचा तोल याच कंडरा सांभाळतात. त्यामुळे सलवार घालताना, जिना चढताना, एका पायावर भार टाकून बसची वाट बघताना त्या बोलू लागतात.

माझ्याकडे एक शिक्षिका व्यायामासाठी येत होत्या. तीन महिन्यांनी विचारलं, ‘आता किती दुखतं?’ म्हणाल्या, ‘पाच.’ पहिल्या दिवशीही त्यांनी पाचच सांगितलं होतं. कागदावर फरक शून्य. तेवढ्यात त्यांनी पर्समधून कालनिर्णयची दोन पानं काढली, जानेवारी आणि मार्चची. ज्या रात्री दुखण्याने जाग आली, त्या तारखेवर निळ्या पेनाने फुली. जानेवारीच्या पानावर फुल्याच फुल्या, काही तर दोनदा गिरवलेल्या. मार्चमध्ये मोजून चार. ‘आणि मॅडम, आता दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग मी परत मागून घेतलाय,’ त्या म्हणाल्या. जानेवारीतला पाच हा खुर्चीत बसून राहिलेल्या बाईचा होता. मार्चमधला पाच दिवसभर जिने चढणाऱ्या बाईचा. आकडा एकच, आयुष्य वेगळं.

म्हणूनच वेदनेच्या जोडीला हालचालीबद्दल विचारणाऱ्या प्रश्नावल्या आल्या. मेलबर्नच्या व्हिक्टोरियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये १९९८ साली उड्या मारणाऱ्या खेळाडूंच्या गुडघ्याच्या कंडरेसाठी अशी एक प्रश्नावली तयार झाली. संस्थेच्या नावावरून तिला ‘व्हिसा’ म्हणतात. तिचाच खुब्यासाठीचा अवतार, व्हिसा-जी, ऑस्ट्रेलियातल्या अँजेला फिअरन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडला. आठ प्रश्न, शंभर गुण. शंभर म्हणजे काहीच त्रास नाही. दुखऱ्या कुशीवर झोपता येतं का, जिना चढता-उतरता येतो का, खुर्चीतून उठल्यावर पहिली पावलं कशी पडतात, असे हे प्रश्न आहेत.

पण कशाने मोजायचं याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो कधी मोजायचं. जर्मनीतले यान रोम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या दुखण्याच्या २२९ रुग्णांवर केलेला अभ्यास मला यासाठी फार मोलाचा वाटतो. काहींना घरी करायचे व्यायाम दिले, काहींना स्टेरॉइडचं इंजेक्शन, काहींना शॉकवेव्ह, म्हणजे धक्का-लहरींचा उपचार. महिन्याने विचारलं तेव्हा इंजेक्शनवाल्यांपैकी ७५ टक्के लोक पूर्ण किंवा पुष्कळ बरे होते. व्यायामवाले? फक्त ७ टक्के. तिथेच थांबले असते तर निकाल लागलाच होता. पण त्यांनी पंधरा महिन्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा व्यायामवाले ८० टक्क्यांवर होते आणि इंजेक्शनवाले ४८ वर घसरले होते. कंडरा सावकाश बदलते; तिला महिनाभरात निकाल मागणं अन्यायाचं आहे.

२०१८ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीने आणखी एक गोष्ट दाखवली. रेबेका मेलर, बिल व्हिसेन्झिनो आणि सहकाऱ्यांनी २०४ जणांचे तीन गट केले : आठ आठवडे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम आणि रोजच्या वागण्याचं शिक्षण, एक स्टेरॉइड इंजेक्शन, आणि थोडा सल्ला देऊन फक्त वाट पाहणं. वर्षाने ‘एकंदर सुधारणा वाटते का?’ असं विचारल्यावर व्यायामाच्या गटात जवळजवळ ७९ टक्के, इंजेक्शनच्या गटात सुमारे ५८ आणि वाट पाहणाऱ्यांत सुमारे ५२ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. पण शून्य ते दहाच्या पट्टीवर व्यायाम आणि इंजेक्शन या दोन गटांची सरासरी वेदना वर्षअखेर जवळपास सारखीच होती. त्याच माणसांना, त्याच दिवशी दोन प्रश्न विचारले आणि दोन उत्तरं मिळाली. शिक्षिकाबाईंच्या पर्समधल्या पानांवर मी जे पाहिलं, ते हेच. माझं मत स्पष्ट आहे : नुसत्या वेदनेच्या आकड्यावर कुठलाही उपचार पास किंवा नापास करू नये.

एक उणीव मात्र मला सलते. व्हिसा-जी प्रश्नावलीत जमिनीवर मांडी घालून बसण्याचा प्रश्न नाही, पंगतीतून उठण्याचा नाही, भारतीय पद्धतीच्या संडासात बसण्याचा नाही, नातवाला कडेवर घेण्याचा नाही. हे काही किरकोळ मुद्दे नव्हेत. कडेवर मूल घेताना कंबर एका बाजूला झुकते आणि कंडरा त्याच हाडाच्या उंचवट्यावर दाबली जाते. ज्या आजीला नातू उचलता येत नाही तिला शंभरपैकी नव्वद गुण मिळाले तरी ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. आपल्या बैठकीचे, आपल्या घरांचे प्रश्न त्या आठांच्या शेजारी विचारायलाच हवेत.

तेव्हा हे दुखणं तुम्हाला असेल तर उपचार सुरू होण्याआधीच घरातल्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला लिहून ठेवा : त्या कुशीवर किती वेळ झोप लागते, किती पायऱ्या न थांबता चढता येतात, कोणतं काम सोडून द्यावं लागलं आहे. दोन महिन्यांनी परत लिहा, वर्षाने परत लिहा. आणि डॉक्टरांनी ‘आता कसं आहे?’ असं विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणू नका, ती पानं त्यांच्यापुढे ठेवा.