टोपलीची किंमत

पाटी, टोपली, सूप व डालगें यांवांचून शेतकऱ्याचें घर चालत नाहीं. परंतु तीं कशीं होतात, हें आपणांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एका वर्गांत आम्हीं नुकतेंच पांच दिवस बुरूडकाम शिकलों. तेथें जें कळलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम बांबूची निवड. त्याच वर्षीं उगवलेला कोंवळा बांबू वाळतांना आकसतो व वीण सैल पडते. फार जून झालेला वांकवितांना तडकतो. मधल्या वयाचा घ्यावा, तोही पावसाळा सरल्यावर. बांबूंतील पिठूळ अंशामुळें त्यास कीड लागते. कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेविल्यास तो अंश निघून जातो.

खरी परीक्षा चिरण्यांत. सालीकडील भाग चिवट, आंतील गर ठिसूळ. कोयत्याची चीर पातळ बाजूकडे धांवूं लागली, कीं पट्टी मध्येंच संपते. अशा वेळीं जाड बाजू अधिक वांकवावी, म्हणजे चीर मध्यावर येते. शिकविणाऱ्या मावशी म्हणाल्या, "भाऊसाहेब, टोपली विणण्यांत नाहीं, चिरण्यांत आहे."

विणतांना एक हिशेब ध्यानांत ठेवावा. एकच आडवी पट्टी खालून-वरून फिरवावयाची असेल, तर उभ्या पट्ट्या विषम हव्यात. सम असल्या, तर दुसऱ्या फेऱ्यांतही पट्टी पहिल्याच वाटेनें जाते व वीण बसत नाहीं.

पांच दिवसांत आमच्या तीन टोपल्या झाल्या. मावशींच्या हातून तेवढ्या अर्ध्या दिवसांत होतात. पण त्या अर्ध्या दिवसामागें सारा जन्म आहे. बाजारांत टोपलीचा भाव पाडतांना आपण तो जन्मच पाडून मागतों. प्लास्टिकचें घमेलें स्वस्त खरें. परंतु तें फुटलें कीं शेतांत कचरा होतो, टोपली मोडली तर खतांत जाते.

बुरुडांची मोठी अडचण कच्च्या मालाची. ती दूर करणें आपल्या हातीं आहे. १९२७ च्या वन अधिनियमांत बांबू वृक्षांत गणला जात असे. २०१७ सालच्या दुरुस्तीनें तो त्या व्याख्येंतून वगळला. म्हणून आपल्या मालकीच्या जमिनींतील बांबू तोडण्यास व नेण्यास या अधिनियमाचा पूर्वीचा अडसर उरला नाहीं. ओढ्याकांठच्या पडीक पट्टींत चार बेटें लावावींत, नवे कोंब राखून जुनेच बांबू तोडावेत, व गांवच्या बुरुडास ते रास्त दरानें द्यावेत. त्याच्या घरीं काम राहिलें, तरच आपल्या घरीं टोपली राहील.